ब्रेक लागत नाही? आधी बघा बोटांचा जोर वाटेत कुठे मरतोय

अण्णांची स्प्लेंडर प्लस २००९ ची, पुढे मागे दोन्हीकडे १३० मिलिमीटरचे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल डब्यात आतून लागणारे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिचा पुढचा ब्रेक असा झालेला की लीव्हर पार मुठीला टेकायचा आणि गाडी आपली पुढंच. अण्णांना सवय झालेली, ते मागच्या ब्रेकवर आणि गिअरवर गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, "अरे ड्रमला असाच लागतो ब्रेक, डिस्क थोडीच आहे." मलाही ते पटलेलं. मग एकदा तीच गाडी घेऊन कराडवरून चिपळूणला निघालो, कुंभार्ली घाट उतरताना पायाचा ब्रेक तापून मऊ पडला, वळणावर समोरून एसटी आली आणि पुढचा ब्रेक तर नावालाच होता. पटकन दुसरा गिअर टाकला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात गाडी घातली. लागलं काही नाही, पण हात बराच वेळ थरथरत होते.

घरी येऊन तीन रविवार त्या गाडीवर घालवले. ड्रमला आतून घासणारे नवीन शू, एक केबल, ग्रीसची छोटी डबी, दोन पॉलिश पेपर, सगळं मिळून सहाशेच्या आत खर्च आला आणि आज त्याच ड्रमवर दोन बोटांत गाडी थांबते. मी गॅरेजवाला नाही, रोज चाळीसेक किलोमीटर गाडी चालवणारा माणूस आहे, जे स्वतःच्या हातानं केलं तेच सांगतोय.

मला जे कळलं ते एवढंच की जुन्या गाडीचा ब्रेक बहुतेक वेळा कमजोर नसतो. तुमच्या बोटांचा जोर वाटेत मरत असतो. बघा, लीव्हर दाबला की तो केबल ओढतो, केबल ड्रमवरचा आर्म, म्हणजे बाहेरची छोटी दांडी, ओढते, आर्म आतला कॅम, म्हणजे चपट्या तोंडाचा दांडा, फिरवतो, कॅम दोन शू फाकवतो, शू ड्रमला घासतात, ड्रम चाकाला धरतो आणि शेवटी टायर रस्त्याला धरतो. एवढ्या सगळ्या जागांपैकी घर्षण फक्त दोन ठिकाणी पाहिजे, शू आणि ड्रममध्ये, आणि टायर आणि रस्त्यात. बाकी जिथं जिथं घासतंय, अडकतंय, गंजलंय तिथं तुमचा जोर वाया जातोय. म्हणून नवीन पार्ट आणायच्या आधी जोर कुठं मरतो ते शोधा, अर्धं काम फुकटात होतं.

शोधायचं कसं? गाडी डबल स्टँडवर घ्या, खाली पुढच्या चाकाजवळ ॲडजस्टिंग नट सैल करून केबल आर्ममधून सोडवा. आता वर लीव्हर हळूहळू ओढा. वाळूत ओढल्यासारखं खरखर लागलं किंवा खालून हातानं ओढल्यावर केबल सहज मागे सरकत नसेल तर दोष केबलचा. मग खालचा आर्म हातानं फिरवून सोडा, तो स्प्रिंगनं टपकन मागे आला पाहिजे. आळसावल्यासारखा हळूहळू आला तर आतला कॅम सुकलाय. अण्णांच्या गाडीत दोन्ही होतं. आर्म तर मी सोडला तर अर्ध्यातच उभा राहिला.

आधी केबल, कारण ते सोपं. केबलचं बाहेरचं कव्हर कुठं चेमटलंय का, हँडल पूर्ण डावी उजवीकडे वळवल्यावर ओढली जाते का, हेडलाइटच्या मागे वायरिंगच्या जुडग्यात दाबली गेलीय का ते बघा. आतल्या तारेची एक जरी तार तुटलेली दिसली, विशेषतः लीव्हरच्या टोकाला शिशाच्या गोळीजवळ, तर विचार करू नका, बदला, शंभर दीडशेची गोष्ट आहे आणि तुटते ती नेमकी जोरात दाबल्यावरच. केबल बरी असेल तर काढून खिडकीला उभी टांगा, वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून नरसाळ्यासारखा रबरानं बांधा, त्यात चमचाभर इंजिन ऑइल ओता आणि रात्रभर ठेवा, खाली पेपर अंथरायला विसरू नका. सकाळी खालून तेल टपकत असेल तर ते आतून उतरलंय. पहिल्यांदा काळं पाणी निघतं, ते निघू द्या. लीव्हरचा बोल्टही काढा, आतलं चिकटलेलं पुसा, थोडं ग्रीस लावून परत बसवा. लीव्हर वर खाली हलत असेल तर तिथंही जोर जातो, बोल्ट आणि भोक झिजलं असेल तर लीव्हर बदललेला बरा.

आता खरं काम, चाक काढायचं. इंजिनखाली लाकडाचा ठोकळा द्या म्हणजे पुढचं चाक हवेत राहील, आणि गाडी हलत नाही ना हे दोन वेळा बघा. मीटरची केबल सोडवा, ब्रेकची केबल सोडवा, एक्सलचा नट काढा, एक्सल ओढा, चाक खाली येतं. ब्रेकची प्लेट, जिच्यावर शू बसवलेले असतात, हातानं बाहेर निघते.

इथं एक थांबा घ्या. आत जी काळी भुकटी दिसेल ती तोंडानं फुंकू नका, हवेच्या पंपानंही उडवू नका. शूवर घासणारा जो थर असतो तो लायनर, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. नाकातोंडाला मास्क लावा, ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. गॅरेजमधली पोरं दिवसभर फुंकर मारत असतात, तुमच्या समोर कुणी मारली तर सांगा त्याला, वाईट वाटलं तरी चालेल.

अण्णांच्या गाडीचा ड्रम उघडला तेव्हा शूवर लायनर भरपूर शिल्लक होता, पण वरचा थर आरशासारखा चमकत होता, नखानं खरवडला तर नख घसरत होतं. याला लायनर ग्लेझ होणं म्हणतात, तापून तापून वरचा थर कडक होतो आणि मग तो ड्रमवर घासत नाही, घसरतो. त्यात कडेला कोकणातल्या तांबड्या मातीचा थर जमलेला, आणि कॅमच्या दांड्यावर ग्रीस म्हणून जे काही होतं ते वाळलेल्या गुळासारखं झालेलं. लायनर जाड आहे म्हणून कुणीच ड्रम कधी उघडला नव्हता.

लायनरची जाडी मोजा. नवीन साधारण ४ मिलिमीटर असतो, २ च्या आसपास आला की शू बदला. तेल किंवा ग्रीस लागलेला शू मात्र कितीही जाड असला तरी टाका, काही जण तो जाळून घेतात किंवा पेट्रोलनं धुतात, तेल आतपर्यंत मुरलेलं असतं, तापला की परत वर येतं. शू घेताना गाडीच्या कंपनीचे किंवा नावाजलेल्या ब्रँडचेच घ्या, सीलबंद खोक्यातले. सुट्टे, बिनछापाचे शंभराच्या आत मिळतात, त्यातले काही इतके कडक असतात की ते झिजतच नाहीत, ड्रमच झिजवतात. दीडदोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

शू चांगले पण चमकलेले असतील तर ८० किंवा १०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट जागी ठेवा आणि शू त्यावर तिरपा तिरपा घासा, चमक जाऊन एकसारखा मळकट रंग आला की बस, जास्त नाही. शूच्या दोन्ही टोकांची धार थोडी तिरकी उतरवून द्या, त्यानं ब्रेक लावताना किंचाळायचा आवाज बराच कमी होतो. ड्रमच्या आतही पेपर फिरवा. ड्रमच्या कडेला उंचवटा तयार झाला असेल किंवा खोल चरे असतील तर लेथवर घासून मिळतो, पण त्याला मर्यादा आहे. १३० च्या ड्रमला १३१ मिलिमीटर ही शेवटची हद्द, हा आकडा मॅक्स म्हणून बऱ्याच ड्रमवर कोरलेलाही असतो. त्याच्या पुढं गेलेला ड्रम बदलायचाच.

नवीन शू असोत की घासलेले, एक गोष्ट करा जी आमच्याकडं कुठल्याही गॅरेजमध्ये कुणी करताना मी बघितली नाही. शाळेतला पांढरा खडू घ्या, ड्रमच्या आतल्या भागाला सगळीकडून फासा, चाक बसवा, फिरवत फिरवत दोनतीन वेळा हलका ब्रेक लावा आणि परत उघडा. शूवर जिथं पांढरं लागलंय तेवढाच भाग ड्रमला टेकतोय. मी बघितलं तर नवीन शूच्या मधोमध दोन बोटांएवढी पांढरी पट्टी, बाकी सगळा शू कोरा, म्हणजे आपण अख्ख्या शूचे पैसे दिले आणि काम करतोय पाव शू. जिथं पांढरं आहे तो उंच भाग, तोच पेपरनं थोडा घासायचा, खडू परत फासायचा, परत बघायचं. चार वेळा केलं तेव्हा पांढरं शूच्या बऱ्यापैकी भागावर पसरलं. शेवटी खडू ओल्या फडक्यानं पुसून ड्रम कोरडा करा. तासभर जातो यात, पण या एका तासानं जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानंच पडला नाही.

कॅमचं काम करताना आर्म काढायच्या आधी बघा, आर्मवर आणि कॅमच्या दांड्यावर एकेक ठिपका ठोकलेला असतो, ते दोन्ही समोरासमोर आहेत का ते लक्षात ठेवा, मोबाइलवर फोटोच काढा. बोल्ट काढून आर्म ओढा, कॅम आतून बाहेर काढा, रॉकेलमध्ये धुवा, बारीक पेपरनं गंज काढा, प्लेटमधलं भोकही चिंधीनं पुसून घ्या. मग उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी पातळ, बोटावर घेऊन पुसून टाकल्यावर जेवढं उरतं तेवढंच लावा, कॅमच्या दांड्यावर, कॅमच्या तोंडावर आणि समोरच्या पिनवर जिथं शू टेकतात. जास्त लावलं तर तापून वितळून शूवर जाणार आणि सगळी मेहनत पाण्यात. कॅम आता दोन बोटांनी गरगर फिरला पाहिजे. आणि हे सगळं झाल्यावर हात साबणानं धुऊनच शूला हात लावा.

आर्मची गोष्ट नीट सांगतो, कारण इथं लोकांचा जीव जातो. शू झिजत जातात तसा आर्म पुढं पुढं जातो आणि लीव्हर लांब येतो. मग काही ठिकाणी काय करतात, आर्म काढून एक दात मागे बसवून देतात, लीव्हर लगेच टाइट, गिऱ्हाईक खूश. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या गाडीला एका गॅरेजवाल्यानं हेच करून दिलेलं, मला कल्पनाच नव्हती. महिनाभरानं उंब्रजच्या अलीकडं ब्रेक लावला आणि सुटलाच नाही, चाक जाम. झिजलेल्या शूमध्ये कॅम जास्त फिरून आडवा झाला होता आणि तिथंच अडकला होता. नशीब वेग कमी होता. आर्मवर बाण असतो ना, तो याच्यासाठीच असतो, ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण प्लेटवरच्या खुणेपर्यंत पोचला की शू संपले. आर्मचे दात बदलून तुम्ही फक्त त्या बाणाला खोटं बोलायला लावता. ठिपक्याला ठिपका लावूनच आर्म बसवा.

आणखी एक, ब्रेक दाबलेला असताना केबल आणि आर्ममध्ये काटकोनाच्या आसपास कोन झाला पाहिजे. लांब पान्यानं नट काढताना आपण पाना काटकोनात ओढतो तेव्हाच पूर्ण जोर लागतो, तसंच हे. शू झिजून आर्म काटकोनाच्या पुढं गेला की तुम्ही कितीही दाबा, जोर तिरपा वाया जातो. झिजलेल्या शूचा ब्रेक नुसता लांब येत नाही, कमजोरही होतो, तो यामुळं.

चाक परत बसवताना प्लेटवरची खाच फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, खुंटीत नीट बसली पाहिजे. हे विसरलात तर ब्रेक लावल्यावर प्लेटच फिरते आणि चाक जाम होतं, म्हणून बसवल्यावर प्लेट हातानं हलवून बघायचीच. मग एक्सलचा नट हातानं लावा, पूर्ण आवळू नका. केबल जोडा, चाक जोरात फिरवा, लीव्हर गच्च दाबा आणि दाबलेलाच ठेवा, जुन्या ट्यूबच्या रबरानं मुठीला बांधून टाकला तरी चालतो, आणि लीव्हर दाबलेला असतानाच एक्सलचा नट आवळा. असं केल्यानं शू ड्रमच्या बरोबर मधोमध येऊन बसतात, एक शू टेकलाय आणि दुसरा लांब असं होत नाही. एक रुपया लागत नाही याला, आणि पंक्चर काढून चाक परत बसवताना प्रत्येक वेळी करता येतं.

ॲडजस्ट करताना लीव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. त्याहून टाइट केला तर शू सतत घासत राहतात, ड्रम तापतो, ॲव्हरेज जातं. चाक हातानं फिरवलं की मोकळं फिरलं पाहिजे, कुठंतरी हलका घासल्याचा आवाज आला तर हरकत नाही. एकाच जागी दर फेरीला घासत असेल तर ड्रम लंबगोल झालाय, कधी कधी स्पोक कमीजास्त ओढल्यानंही असं होतं, ते चाक रिंग सरळ करणाऱ्याकडं नेऊन सारखं करून घ्या.

नवीन किंवा घासलेले शू लगेच पूर्ण लागत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगानं जा, ब्रेक मध्यम दाबून दहापर्यंत या, थांबू नका, परत वेग घ्या, मध्ये ड्रमला थोडं गार होऊ द्या. असं पंधराएक वेळा. पहिल्याच दिवशी घाट उतरायला जाऊ नका.

मागच्या ब्रेकचं वेगळं काही नाही, सगळं तसंच, फक्त केबलऐवजी बहुतेक गाड्यांना रॉड असतो आणि पेडलची मोकळी चाल २० ते ३० मिलिमीटर ठेवायची. पेडल ज्या दांड्यावर फिरतं तिथं चिखल जाऊन ते जड होतं, ते काढून ग्रीस लावा, यात लोक कधीच बघत नाहीत. चेन टाइट केली की चाक मागे सरकतं आणि ब्रेक आपोआप टाइट होतो, तेव्हा चेनच्या कामानंतर मागचा ब्रेक परत सेट करा आणि मागचा लाल दिवा वेळेवर लागतोय ना ते बघा. मागच्या प्लेटला धरणारा जो आडवा रॉड असतो त्याचा नट आणि त्यातली पिन जागेवर असलीच पाहिजे. एप्रिल २०१९ नंतर विकलेल्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांना जोडब्रेक असतो, पाय दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्यांची ॲडजस्टमेंट एकमेकांशी बांधलेली असते, ती गाडीच्या पुस्तकात बघूनच करा, अंदाजानं नाही.

आता डिस्कवाल्यांसाठी. चुलतभावाची पल्सर, त्याची तक्रार की लीव्हर स्पंजासारखा लागतो. तिथंही तेच, जोर वाटेत मरत होता, फक्त वाट तेलाची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी मुरलेलं ऑइल लवकर उकळतं. डॉट ३, डॉट ४ अशा ब्रेक ऑइलच्या प्रती असतात, डॉट ४ चं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत टिकतं, पाणी मुरल्यावर तेच १५५ पर्यंत खाली येतं, डॉट ३ ला हे आकडे २०५ आणि १४०. घाटात कॅलिपर, म्हणजे डिस्कवर दोन बाजूंनी पॅड दाबणारा भाग, तापला की आत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि लीव्हर मुठीला येतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला, लीव्हरजवळच्या डबीच्या झाकणावर डॉट ३ की ४ ते लिहिलेलं असतं, तेच घाला. उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नका, छोटी नवीन बाटली शंभराच्या आसपास मिळते. डॉट ५ नावाचं ऑइल वेगळं, सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

बदलायची रीत अशी, औषधाच्या दुकानातून सलाईनची पारदर्शक नळी आणा, कॅलिपरवरच्या तेल सोडायच्या निपलला बसवा, दुसरं टोक थोडं जुनं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. टाकीवर ओलं फडकं पसरा, कारण ब्रेक ऑइल पेंट खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. लीव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा सैल करा, ऑइल बाहेर येईल, लीव्हर मुठीला टेकला की आधी निपल बंद करा आणि मगच लीव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा आत जाते. डबीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका, दर चारपाच वेळेला वरून भरत राहा. काळपट ऑइल जाऊन स्वच्छ ऑइल बिनबुडबुड्याचं यायला लागलं की झालं. तरी थोडा स्पंज वाटला तर रात्रभर लीव्हर मुठीला दाबून बांधून ठेवा आणि सकाळी हलक्या टिचक्या मारत परत थोडं ऑइल काढा, अडकलेले बारीक बुडबुडे वर येतात. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या गाडीत डबी रिकामी झाली तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये अडकते आणि मग सर्व्हिस सेंटरच्या मशीनशिवाय निघत नाही, तेव्हा तिथं जास्तच जपून.

लीव्हर कडक आहे पण ब्रेकच लागत नाही असं असेल तर पॅड चमकलेत किंवा कॅलिपर अडकलाय. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, त्या पिना सुकल्या की एकच पॅड काम करतो, पॅड काढल्यावर एक जाड एक पातळ दिसला की समजा हेच झालंय. पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस नाही, त्यानं रबर फुगतं. पेट्रोलही कुठल्याच रबरी सीलला लागू देऊ नका. पिस्टनच्या उघड्या भागावरची घाण साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं काढा, मग मागे ढकला, घाणीसकट ढकलला तर सील कापलं जातं. डिस्क साबणानं धुवा, कोरडी करा, चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर उडणार नाही हे बघा. डिस्कची कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, त्याखाली गेली तर पॅड बदलून उपयोग नाही. पॅड बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी लीव्हर कडक होईपर्यंत पंप करा, पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही आणि लोक थेट गेटच्या बाहेर जातात. आणि वर सांगितलेली पंधरा वेळाची रीत पॅडलाही करायचीच.

ड्रम काढून डिस्क बसवायचा सल्ला खूप जण देतात. फोर्क, हब, कॅलिपर, मास्टर सिलिंडर सगळं बदलावं लागतं, जुन्या बाजारातून आणलं तरी हजारोंत जातं, बसवणारा चांगला नसेल तर चाक मधोमध बसत नाही, शिवाय गाडीच्या रचनेत असे बदल करायला कायद्यानं बंधनं आहेत, विम्याच्या वेळी अंगाशी येतं. ड्रमला भोकं पाडणं, शूखाली पत्र्याची पट्टी घालणं हे तर अजिबात नको.

टायरबद्दल थोडक्यात पण लक्ष देऊन वाचा, कारण शेवटी गाडी टायर थांबवतो. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सातआठ वर्षांचा टायर लाकडासारखा होतो, नख रुतत नाही, ओल्या रस्त्यावर तो धरत नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी पुढचा टायर बदला. ब्रेक दाबल्यावर हँडलमधून टक्क आवाज आला तर हँडलचे बॉल सैल आहेत, तेही आवळून घ्या.

पुढचा ब्रेक दाबला की माणूस पडतो असं आमच्या घरात सगळे मानतात, अण्णांनी म्हणूनच तो इतकी वर्षं खराब राहू दिला. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढं जातं, कोरड्या डांबरावर थांबवायचं जास्त काम पुढचं चाकच करतं आणि मागचं हलकं होऊन घसरतं. पडायला होतं ते एकदम झटक्यानं दाबल्यामुळं, वळणात दाबल्यामुळं किंवा खडी, वाळू, सांडलेलं डिझेल यावर दाबल्यामुळं. आमच्याकडं ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॉलीतून पडलेला पाला आणि चिखल रस्त्यावर असतो, तिथं आधीच वेग कमी पाहिजे. एरवी लीव्हर लिंबू पिळल्यासारखा दाबत न्यायचा, आधी हळू, वजन पुढं आलं की जोरात, आणि क्लच शेवटी.

रिकाम्या सरळ रस्त्यावर खडूनं एक रेघ मारा, तीसच्या वेगानं येऊन रेघेवर ब्रेक लावा आणि पावलं मोजा. काम करायच्या आधी एकदा, नंतर एकदा. अण्णांची गाडी आधी चौदा पावलं घ्यायची, नंतर सात. आणि वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं, साठला थोडीथोडकी नाही, तीसच्या चार पट जागा लागते, त्यात आपल्याला धोका दिसून हात दाबेपर्यंतचा एक सेकंद धरला तर साठच्या वेगात तेवढ्यात सोळासतरा मीटर निघून गेलेले असतात.

घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका. गाडी इंजिनच्या गिअरवर उतरवा, ब्रेक सतत घासत न ठेवता दाबून सोडून दाबून सोडून लावा, ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, कुंभार्लीत माझं तेच झालं होतं. पाण्यातून गाडी काढली तर पुढं थोडं अंतर हलका ब्रेक लावत जा, शू सुकतात.

आठवड्यानं गाडी परत डबल स्टँडवर घ्या. शू बसल्यामुळं लीव्हर थोडा लांब आलेला असेल, ॲडजस्टिंग नट एकदोन फेरे आवळा, आर्मचा बोल्ट आणि एक्सलचा नट परत तपासा. अण्णांनी परवा स्वतःच ते केलं, पाना मागायला आले तेव्हा कळलं मला.